रेझिस्टन्स कोणाचा, वेलीचा की डाऊनीचा?

ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी-निफाडकडे पाऊस लांबला आणि द्राक्षावर डाऊनी ही बुरशी आली की कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर हमखास ऐकू येतं, "काका, डाऊनीला रेझिस्टन्स आलाय." शेजारचा विचारतो, "रेझिस्टंट व्हरायटी कोणती लावावी?" एकाला जो नडतोय, तोच दुसऱ्याला हवाय! रेझिस्ट करणं म्हणजे दाद न देणं. कोण कोणाला दाद देत नाही, हे विचारल्याशिवाय या शब्दाचा अर्थ लागत नाही.

रेझिस्टंट वाणाला रोग येतच नाही, हा पहिला गैरसमज. तो अर्थ ‘इम्यून’चा. रेझिस्टंट वेलीवर बुरशी येऊ शकते, फक्त तिला पसरणं जड जातं. पुण्याच्या आघारकर संस्थेचा ‘एआरआय-516’ हा रसाचा वाण या जातकुळीतला. त्याच्या रक्तात कटॉबा ही अमेरिकी द्राक्षजात आहे. डाऊनीही मूळची अमेरिकेचीच, 1878 मध्ये फ्रान्सला पोचली. आपली थॉमसन ही द्राक्षजात जुन्या जगातल्या वेलीची. त्या वंशाची डाऊनीशी कधी गाठच पडली नव्हती.

"आमची बाग डॉगरीजवर आहे," असंही छातीठोक सांगतात. डॉगरीजचा खुंट पाण्याचा ताण आणि खारं पाणी सोसतो, हे खरं. पण ते झालं मुळांचं. वर पान थॉमसनचंच, आणि डाऊनी येते पानावर, घडावर.

सगळ्यात महागात पडतो तो ‘डोस वाढवला की भागतं’ हा गैरसमज. डाऊनीच्या तेलकट डागाचं पान उलटं करून पाहा: खाली पांढरी लव दिसेल. त्या असंख्य बीजाणूंत औषधाला न जुमानणारे थोडे आधीपासूनच असू शकतात. एकाच गटाचं औषध पुन्हा पुन्हा मारलं की बाकीचे मरतात, हे उरतात. पुढची लव यांच्याच पोरांची. "बुरशीला सवय झाली" हे म्हणूनच चुकीचं. सवय कोणाला झाली नाही, निवड आपण केली. मेटालॅक्झिल या औषधाबाबत युरोपात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे घडलं. स्ट्रॉबिल्युरिन गटाच्या औषधांत तर बुरशीतला एक जनुकीय बदल पुरतो. मग डोस दुप्पट केला तरी गुण येत नाही. मॅन्कोझेब बुरशीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, त्यामुळे त्याला चकवणं अवघड.

आणि "कंपनी बदलून द्या" म्हणणाऱ्याने बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचावीत. नाव नवं, झाकण वेगळ्या रंगाचं. आतला घटक बऱ्याचदा गेल्या आठवड्याचाच असतो.