दोरा, फोम आणि रबराचा खोटा किडा, ज्याला न्यूझीलंडचा हुशार ट्राऊटही फसतो

न्यूझीलंडमध्ये ट्राऊट मासा विकायला कायद्यानं बंदी आहे. खायचा असेल तर लायसन्स काढून स्वतः पकडायचा, नाहीतर कुणीतरी पकडून प्रेमानं द्यायचा.

हा मासा मूळचा तिथला नाही. १८६७ मध्ये टास्मानियातून ब्राऊन ट्राऊटची अंडी आणली गेली आणि तो तिथल्या नद्यांमध्ये रुजला. काचेसारखं स्वच्छ पाणी आणि तीक्ष्ण नजर, त्यामुळं त्याला फसवणं अवघड. पण उन्हाळ्यात हाच मासा बेसावध होतो. कारण, सिकाडा.

सिकाडा म्हणजे झाडाला चिकटून दिवसभर किर्रर्र करणारा कीटक. अनेक जण त्यालाच रातकिडा म्हणतात, पण रातकिडा वेगळा. सिकाडाची पिल्लं काही वर्षं जमिनीखाली मुळांचा रस पिऊन वाढतात आणि उन्हाळ्यात वर येऊन कात टाकतात. न्यूझीलंडमध्ये त्यांचा जोर असतो जानेवारी ते मार्च.

सिकाडा अंगानं जड. वाऱ्याचा झोत आला की काठावरच्या झाडांवरून थेट पाण्यात 'टप्प'. एरवी बारीकसारीक किड्यांवर पोट भरणाऱ्या ट्राऊटसाठी ही आयती पुरणपोळीच.

आता हा खोटा सिकाडा बांधतात कसा?

साधारण ६ ते १० नंबरचा गळ छोट्या व्हाईसमध्ये घट्ट बसवतात. इथं नंबर जितका मोठा, तितका गळ लहान. गळाच्या दांड्यावर दोऱ्याचे वेढे देऊन गोंदाचा थेंब लावतात, नाहीतर शरीर दांड्याभोवती गोल फिरतं. त्यावर काळ्या किंवा हिरवट फोमची पट्टी दोन-तीन ठिकाणी आवळली की जाडजूड शरीर तयार. बाजूनं रबराचे पाय आणि पाठीवर पारदर्शक पंख.

खरी गोची पंखांची. ते फार रुंद किंवा कडक झाले तर फेकताना किडा भिंगरीसारखा फिरतो आणि दोरीला पीळ पडतो. पाठीवर भडक फोमचा ठिपकाही लावतात. तो मासे पकडणाऱ्याला लांबून दिसतो, पण खालून बघणाऱ्या माशाला नाही.

एरवी खोटा किडा पाण्यावर अलगद टेकवायचा असतो. सिकाडाचं उलटं. तो झाडाच्या फांदीखाली चक्क आपटायचा, कारण 'टप्प' ऐकूनच ट्राऊट वळतो.

पण सगळ्यात जास्त मासे निसटतात ते पुढच्या क्षणी. ब्राऊन ट्राऊट सावकाश वर येतो, तोंड उघडतो आणि खाली वळतो. तोंड दिसताच दोरी ओढली तर किडा बाहेर. म्हणून तिथं जुना सल्ला आहे, मनात 'गॉड सेव्ह द क्वीन' म्हणायचं आणि मगच ओढायचं.

२०२२ पासून राणीच्या जागी राजा आलाय, पण थांबायचं तेवढंच.