रस्त्यावरची अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकल वाळवंटातील रॅलीत टिकेल का?

सुट्टीच्या दिवशी चोर्ला किंवा अनमोड घाटातून जाताना उंच बांधणीच्या, रुंद हँडलच्या आणि पुढे चोचीसारखा मडगार्ड असलेल्या मोटारसायकलींचे ताफे आता सर्रास दिसतात. बाजारात त्यांना ‘अ‍ॅडव्हेंचर’ हे नाव आहे. जाहिरातींत त्या वाळूच्या टेकडीवरून झेपावताना दाखवल्या जातात. प्रत्यक्षात त्यांचे बहुतेक आयुष्य डांबरी रस्त्यावर आणि क्वचित एखाद्या मातीच्या वाटेवर जाते. अशी एखादी मोटारसायकल खरोखरच वाळवंटातील रॅलीत उतरवली, तर ती टिकेल का? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. जाहिरातीवर विश्वास ठेवून दोन-अडीचशे किलोचे वाहन आपल्या आवाक्याबाहेरच्या भूभागात नेणाऱ्या स्वाराच्या हाडामांसाशी त्याचा संबंध आहे.

इतिहास काय सांगतो?

वाळवंटी रॅलींमध्ये सर्वांत नावाजलेली रॅली म्हणजे डाकार. फ्रेंच स्पर्धक तिएरी साबीन १९७७ मध्ये आबिजान-नीस शर्यतीदरम्यान लिबियाच्या वाळवंटात वाट चुकले. त्या अनुभवातून त्यांना पॅरिस ते सेनेगलची राजधानी डाकार या शर्यतीची कल्पना सुचली. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून १८२ वाहने निघाली. सुमारे दहा हजार किलोमीटरनंतर त्यांपैकी ७४ शेवटपर्यंत पोहोचली. त्या वर्षी सर्व वाहनांची क्रमवारी एकत्रच लावली होती आणि पहिला आला तो सिरिल नवू हा मोटारसायकलस्वार. त्याच्याकडे यामाहाची एक्सटी ५०० होती. दुकानात मिळणारी, एका सिलिंडरची, साधी आणि दणकट अशी ही मोटारसायकल होती.

आजच्या अ‍ॅडव्हेंचर वर्गाचे मूळ जिथे शोधले जाते, ती बीएमडब्ल्यूची आर ८० जी/एस १९८० मध्ये बाजारात आली. नावातील ‘जी’ आणि ‘एस’ ही जर्मन भाषेतील रानवाट आणि रस्ता या शब्दांची आद्याक्षरे. पुढच्याच वर्षी ह्युबर ओरिओल या स्वाराने बीएमडब्ल्यूवर डाकार जिंकली. १९८३ मध्ये पुन्हा त्याने आणि १९८४ व १९८५ मध्ये गास्तों राहिए याने बीएमडब्ल्यूलाच विजय मिळवून दिला. रस्त्यासाठी घडवलेल्या यंत्राला वाळवंट पेलते, असा निष्कर्ष यातून काढण्याचा मोह होतो. मात्र स्पर्धेतील त्या गाड्या दुकानातल्या गाड्यांसारख्या राहिल्या नव्हत्या. इंधनाची टाकी, सस्पेन्शन आणि सांगाडा यांवर बरेच काम झालेले होते.

पुढे क्रम उलटा झाला. होंडाने आधी केवळ शर्यतीसाठी एनएक्सआर ७५० ही गाडी बनवली, १९८६ ते १९८९ अशी सलग चार वर्षे डाकार जिंकली आणि तिच्या लौकिकावर १९८८ मध्ये ‘आफ्रिका ट्विन’ ग्राहकांसाठी आणली. केटीएमच्या दोन सिलिंडरच्या गाडीवर फाब्रिझियो मेओनी २००२ मध्ये विजयी झाला. त्याच घराण्यातील ९५० अ‍ॅडव्हेंचर त्यानंतर विक्रीस आली. शर्यतीतून दुकानात रूप आले, नाव आले, रंगसंगती आली. शर्यतीत टिकवणारे भाग मात्र सगळे आले नाहीत.

वाळवंट यंत्राकडून काय मागते?

पहिली मागणी सस्पेन्शनची. केटीएमची पहिली ३९० अ‍ॅडव्हेंचर उदाहरणादाखल घेऊ. चाकणच्या बजाज कारखान्यात तयार होणारी ही गाडी २०२० मध्ये भारतात आली. तिच्या पुढच्या सस्पेन्शनला १७० मिलिमीटर आणि मागच्याला १७७ मिलिमीटर हालण्याची मुभा होती. त्याच कंपनीच्या रॅलीसाठीच्या ४५० गाडीत हा आकडा ३०० मिलिमीटरच्या घरात जातो. यामागील गणित सोपे आहे. उंचावरून आदळलेली गाडी जवळपास निम्म्या अंतरात थोपवायची, तर सरासरी धक्का जवळपास दुप्पट बसतो. घाटातील एखाद्या खड्ड्यात हे जाणवणार नाही. पण ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने दिवसाला शेकडो उंचवटे ओलांडताना आधी सस्पेन्शन तळाला टेकते, मग चाकाची कड वाकते, आणि शेवटी सामान व आसन पेलणारा मागचा सांगाडा तडकतो.

दुसरी मागणी चाकांची. किनाऱ्यावरील कोरड्या वाळूत मोटार रुतल्याच्या बातम्या गोव्यातील वाचकांना नव्या नाहीत. मोटारसायकलचे पुढचे चाक वाळूत असेच खाली जाते आणि हँडल हातातून निसटू पाहते. मोठ्या व्यासाचे चाक अडथळ्यावर अधिक सहज चढते. म्हणून रॅलीत पुढे २१ इंची, तारांचे चाक असते. पहिल्या ३९० अ‍ॅडव्हेंचरला पुढे १९ इंची ओतीव मिश्रधातूचे चाक होते. डांबरावर ते उत्तम. दगडावर आदळल्यास तार वाकते आणि तग धरते, ओतीव चाकाला मात्र तडा जाऊ शकतो. याच गाडीच्या २०२५ मधील नव्या पिढीला पुढे २१ इंची तारांचे चाक मिळाले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. रॅलीच्या टायरमध्ये हवेऐवजी बहुधा फोमची कडी असते, त्यामुळे पंक्चरचा प्रश्नच उरत नाही.

तिसरी मागणी उष्णता आणि धूळ सोसण्याची. मऊ वाळूत गाडीचा वेग कमी, इंजिनाचे फिरणे जास्त आणि क्लच अर्धवट दाबलेला, अशी स्थिती वारंवार येते. रेडिएटरला वारा मिळत नाही आणि क्लचच्या तबकड्या जळतात. पिठासारखी बारीक धूळ एअर फिल्टर भरून टाकते. रॅलीत तो रोजच्या रोज बदलावा लागतो.

चौथी मागणी इंधनाची आणि दिशेची. इंधनाच्या दोन थांब्यांमध्ये सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर कापण्याची तयारी ठेवावी लागते, आणि वाळूत पेट्रोलचा खप डांबराच्या तुलनेत पुष्कळ वाढतो. म्हणून रॅलीच्या गाडीत तीस लिटरहून अधिक इंधन, तेही पुढे-मागे विभागून आणि शक्य तितके खाली ठेवलेले असते. दिशा दाखवायला फोनवरचा नकाशा चालत नाही. आयोजकांनी दिलेल्या रोडबुकमधील खुणा, अंतर आणि होकायंत्राचा कोन धावत्या गाडीवर वाचत वाट काढावी लागते. त्यासाठीची उपकरणे हँडलपुढे धक्के सोसतील अशा रीतीने बसवणे हेही स्वतंत्र काम आहे.

या यादीत इंजिनाची ताकद कुठेच आली नाही. सिरिल नवूच्या एक्सटी ५०० ची शक्ती तीस अश्वशक्तीच्या आसपास होती. आजची ३९० अ‍ॅडव्हेंचर त्याहून कितीतरी जोरकस आहे. वजनाचीही तीच गोष्ट. इंधनासह पहिल्या ३९० चे वजन १७७ किलो भरत होते, आणि टाक्या भरलेली रॅलीची गाडीही त्यापेक्षा फार हलकी नसते. रस्त्याची गाडी वाळवंटात कमी पडते ती धक्का सोसण्यात.

आजही हे शक्य आहे का?

आहे, आणि त्याचा पुरावा ताजा आहे. डाकार रॅली २००९ मध्ये दक्षिण अमेरिकेत आणि २०२० मध्ये सौदी अरेबियात गेली. आफ्रिकेतील जुना मार्ग ‘आफ्रिका इको रेस’ने पुढे चालवला. २०२४ मध्ये तेथे इटलीचा याकोपो चेरुत्ती अप्रिलिया तुआरेग ६६० वर पहिला आला आणि पुढच्या वर्षी त्याने ते यश पुन्हा मिळवले. तुआरेग ही दुकानात मिळणारी, दोन सिलिंडरची, इंधनासह दोनशे किलोंहून जड अशी अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकल. शर्यतीतील तिची बहीण अर्थातच हलकी केलेली, उंच आणि कणखर सस्पेन्शनची होती. इंजिनाचे मूळ मात्र तेच.

खुद्द डाकारचे दार मात्र अशा गाड्यांना बंद झाले. २०११ पासून तेथे मोटारसायकलच्या इंजिनाला ४५० सीसीची मर्यादा घालण्यात आली. तुआरेग तर दूरच, ४५२ सीसीची रॉयल एनफिल्ड हिमालयनही या रेषेच्या पलीकडे जाते.

भारतीय स्वारांचा अनुभव

सी. एस. संतोष २०१५ मध्ये डाकार पूर्ण करणारा पहिला भारतीय मोटारसायकलस्वार ठरला. २०२४ मध्ये हरित नोआने ‘रॅली २’ हा वर्ग जिंकला, तर हीरोच्या संघाकडून बोट्स्वानाच्या रॉस ब्रँचने एकूण क्रमवारीत दुसरा क्रमांक मिळवला. हे सारे यश खास रॅलीसाठी बांधलेल्या ४५० गाड्यांवरचे आहे. हीरोची शर्यतीची गाडी आणि दुकानातील एक्सपल्स यांत नात्यापेक्षा अंतरच अधिक.

तरीही एक्सपल्स २०० कडून एक गोष्ट शिकता येते. तिच्यासाठी कंपनीने ‘रॅली किट’ विकायला काढले. त्यात पुढचे सस्पेन्शन १९० वरून २५० मिलिमीटरवर आणि मागचे १७० वरून २२० वर जाते; सोबत खाचदार टायर आणि उंच हँडल मिळते. इंजिनाला मात्र हात लावलेला नाही. वाळवंटाची तयारी कुठून सुरू करायची, याचे उत्तर त्या किटच्या यादीतच आहे.

ग्राहकाने काय ध्यानात घ्यावे?

दुकानातून काढलेली रस्त्याकडे झुकणारी अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकल वाळवंटात एखादा दिवस सबुरीने चालवली तर निभावून नेईल. दोन आठवडे, रोज काही शे किलोमीटर, घड्याळाशी शर्यत करत ती टिकणार नाही. टिकवायची असेल, तर खर्चाचा क्रम ठरलेला आहे. आधी सस्पेन्शन, मग चाके व टायर, मग इंजिनाखालचे संरक्षक कवच, मग टाकी. इतके झाल्यावर बराच पैसा ओतलेला असेल आणि घाटात चालवण्याचे जुने सुख हरवलेले असेल.

शिवाय उत्तम गाडी हे अभयदान नव्हे. मेओनीने दोनदा डाकार जिंकली होती. २००५ मध्ये मॉरिटानियात त्याच शर्यतीत त्याचा मृत्यू झाला. हीरोच्या संघातील अनुभवी पाउलो गोन्साल्विस २०२० मध्ये सौदी अरेबियात गेला. २०२१ मधील अपघातानंतर संतोषला कृत्रिम बेशुद्धीत ठेवावे लागले. या तिघांकडेही सर्वोत्तम यंत्रे आणि वर्षानुवर्षांचा सराव होता.

गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेणे कायद्याने निषिद्ध आहे, तेव्हा वाळूचा सराव तिथे करण्याचा विचारही नको. ज्याला खरोखर शिकायचे आहे त्याने हलकी गाडी घ्यावी, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली मातीच्या मैदानात उभे राहून गाडी चालवण्याचा सराव करावा आणि पडलेली गाडी एकट्याने उचलून पाहावी. दहाव्यांदा ती उचलताना दम पुरला, तर मग सस्पेन्शनच्या खर्चाचा विचार करावा.