झाडीपट्टीचें तिकीट आणि दरमहाची वर्गणी

धानाची कापणी आटोपली, कीं चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांत नाटकांचे दिवस सुरू होतात. भंडारा व गोंदिया या शेजारच्या जिल्ह्यांसह या मुलुखाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीनंतरच्या मंडईपासून होळीपर्यंत गांवोगांव रात्रभर नाटकें चालतात, आणि पहांटेपर्यंत प्रेक्षक जागचा हालत नाहीं. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हें या व्यवसायाचें मुख्य ठाणें होय. नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या तेथेंच आहेत. या रंगभूमीवर हयात वेंचलेले नट परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. तोंवर शहरांतील पुष्कळांना झाडीपट्टीचें नांवहि ठाऊक नव्हतें, ही गोष्ट निराळी.

इंटरनेटवर व्हिडिओ मांडणाऱ्या कलावंताला जाहिरातींच्या उत्पन्नाचा वांटा मिळतो, हें आतां सर्वश्रुत आहे. अलीकडे त्याला दुसरीहि एक वाट फुटली. प्रेक्षकानें दरमहा ठराविक वर्गणी भरावी, व इतरांस न दिसणारे कांहीं व्हिडिओ त्याला पाहावयास मिळावेत, अशी ही योजना. अमेरिकेंत पॅट्रिऑन २०१३ सालीं याच हेतूनें निघालें. यूट्यूबनें २०१८ सालीं आपल्या वाहिन्यांना सभासद जमविण्याची मुभा दिली. एका धनिकाच्या जागीं हजार लहान आश्रयदाते यावेत, हा तिचा मथितार्थ.

झाडीपट्टीला हा मथितार्थ परका नाहीं. तेथें गांवचें मंडळ कंपनीशीं ठेका करतें, तिकिटें विकतें, आणि ठेक्याची रक्कम देऊन कांहीं उरलें तर तें गांवाच्या कामीं लावतें. जाहिरातदार मध्यें न येतां प्रेक्षकाचा पैसा नटापर्यंत पोंचतो. मग मंडळाच्या जागीं यूट्यूब आलें, एवढाच फरक काय? नव्हे. खरा फरक आहे तो तोट्याचा. अवकाळी पाऊस आला, किंवा शेजारच्या गांवीं अधिक नामांकित कंपनी उतरली, तर गल्ला बसतो. परंतु ती झळ सामान्यतः मंडळ सोसतें. इंटरनेटवर असा कोणी जामीन नाहीं. तेथें वर्गणीदार आला तर मंच आपला हिस्सा घेतो, आणि न आला तर नुकसान सर्वस्वीं कलावंताचें.

हिशेबच मांडून पाहावा. समजा, एखाद्या कंपनीला दरमहा २९ रुपये देणारे १,००० वर्गणीदार लाभले. जमा झाले २९,००० रुपये. त्यांतील ३० टक्के, म्हणजे ८,७०० रुपये, यूट्यूब ठेवून घेतें. करांचा विचार बाजूला ठेवला तरी हातीं राहिले २०,३००. नट, नटी, ऑर्गनवाला, तबलजी, नेपथ्य उभारणारे, असा सारा संसार एवढ्यावर महिनाभर चालणें शक्य नाहीं. आणि दक्षिण गडचिरोलीच्या भामरागड-एटापल्लीकडील रानांत मोबाइलची लहर अजून सर्वत्र पोंचत नाहीं, तेव्हां तेथील रसिक मोजण्यांत येणारच नाहींत.

तरीहि ही वाट सर्वथा टाकाऊ म्हणतां येत नाहीं. होळीनंतर रंगमंच मिटतो आणि दिवाळीपर्यंत कित्येक कलावंत शेतीकडे वा मजुरीकडे वळतात. २०२० च्या टाळेबंदीनें तर प्रयोगच बंद पाडले. अशा रिकाम्या महिन्यांत थोडी वर्गणी आली, तरी तिचें मोल हंगामांतल्या त्याच रकमेहून अधिक. मात्र काय विकावयाचें, याचा विवेक हवा. एकच नवें नाटक हंगामभर गांवोगांव फिरतें. तें सबंध आधींच मोबाइलवर दिसूं लागलें, तर पुढल्या गांवचें मंडळ ठेका करतांना दहादां विचार करील. गाणीं, तालमी, जुन्या नटांच्या मुलाखती, दंडार आणि खडीगंमत यांचे नमुने, तसेंच होळी उलटल्यावर सरल्या हंगामाचें नाटक, हें द्यावयास हरकत नाहीं. त्याचें गिऱ्हाईक गांवांत नसून नागपूर-पुण्याकडे पोटासाठीं गेलेल्या झाडीपट्टीच्या माणसांत आहे. गांवांतल्या माणसाला नाटक हें निमित्त असतें. त्या रात्रीं लेकी-जांवई, पाहुणेरावळे यांनीं घर भरतें, आणि तें सुख मोबाइलवर मिळत नाहीं.

हें दूरचें गिऱ्हाईक टिकविणें सोपें नव्हे. १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, कार्डावरून दरमहा आपोआप वळती व्हावयाच्या रकमेची सूचना खातेदाराला २४ तास आधीं द्यावी लागते. म्हणजे सोडून जाण्याचा विचार त्याच्या मनांत दर महिन्याला नव्यानें येऊं शकतो. मंडळाला आपला प्रेक्षक तोंडओळखीनें ठाऊक असतो. येथें तसें नाहीं. पॅट्रिऑन वर्गणीदारांचे ईमेल पत्ते कलावंताला देतें, यूट्यूब देत नाहीं. ज्या कंपनीला हा मार्ग धरावयाचा असेल, तिनें वर्गणीदारांना विचारून त्यांच्या नांवापत्त्यांची वही पहिल्या महिन्यापासून आपल्याजवळ ठेवावी. वाहिनी उद्यां बंद पडली, तर वडशाच्या कचेरींतून दूरध्वनि कोणाला करावयाचा, हें त्या वहींतूनच कळेल.