सहाशे अंशांपाशी टायटॅनियम

जेट इंजिनाच्या कॉम्प्रेसरमध्ये हवा टप्प्याटप्प्याने दाबली जाते आणि तापत जाते. पुढचे टप्पे टायटॅनियमचे असतात. मागे उष्णता वाढली की निकेलच्या मिश्रधातू येतात, आणि त्यांची घनता टायटॅनियमच्या जवळजवळ दुप्पट. टायटॅनियम आणखी एक टप्पा मागे नेता आले, तर डिस्कबरोबर शाफ्ट आणि बेअरिंगवरचा भारही उतरतो. धातुशास्त्रज्ञांची कित्येक दशकांची धडपड त्या एका टप्प्यासाठी आहे.

टायटॅनियम 1668 अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याच्या आधी फार लवकर थकते. कायम ताणाखाली ते हळूहळू लांबत जाते. यालाच क्रीप म्हणतात. शिवाय सहाशेच्या आसपास हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागात मुरतो आणि तिथे ठिसूळ थर तयार होतो. 1950च्या दशकातली, आजही सर्वाधिक वापरली जाणारी 6 टक्के ॲल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियमची मिश्रधातू साधारण 350 अंशांपर्यंत साथ देते. पुढे कथील, झिर्कोनियम, सिलिकॉन मिसळून मर्यादा वाढवली गेली. ॲल्युमिनियम मात्र हवे तितके घालता येत नाही. प्रमाण वाढले की धातू ठिसूळ होतो.

म्हणून खरी कसोटी भट्टीची आणि फोर्जिंगची. ब्रिटनमध्ये विकसित झालेली आयएमआय 834 ही मिश्रधातू सुमारे 600 अंशांपर्यंत चालते. सुमारे 1045 अंशांच्या वर तिची सगळी रचना बीटा, म्हणजे टायटॅनियमच्या उच्च तापमानाच्या स्फटिकरूपाची, होते. तिथून थंड केल्यास लांब पातळ पट्ट्यांची रचना मिळते. ती क्रीपला दाद देत नाही, पण वारंवार बदलणाऱ्या ताणाला लवकर बळी पडते. या 1045 अंशांच्या मर्यादेच्या बरेच खाली घडवल्यास अल्फा, म्हणजे कमी तापमानाच्या स्फटिकरूपाचे, गोलसर कण उरतात आणि गुण उलटे होतात. दोन्ही साधायचे तर गोलसर अल्फा साधारण 15 टक्केच ठेवावा लागतो. मर्यादेजवळ दहा-वीस अंशांची चूकही हे प्रमाण बिघडवते. 834 मध्ये अवघा 0.06 टक्के कार्बन घालून तापमानाची ही अरुंद खिडकी रुंद केली, हे मला या क्षेत्रातले फार देखणे काम वाटते. शेवटी धातू 700 अंशांवर दोन तास मुरवला जातो.

घडवताना साचे थंड असतील तर धातूचा पृष्ठभाग आधी निवतो, आत-बाहेरची रचना वेगळी होते आणि भेगा पडतात. समतापी फोर्जिंगमध्ये साचेही तापवलेले असतात आणि दाब सावकाश दिला जातो. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्रीय संशोधन प्रयोगशाळेने 2,000 टनी प्रेसवर अडूर इंजिनाच्या उच्च-दाब कॉम्प्रेसरच्या पाचही टप्प्यांच्या डिस्क अशा घडवल्याचे 2021 मध्ये जाहीर झाले. आयात केलेल्या भागापेक्षा ही प्रक्रिया हाती येणे मोलाचे आहे, कारण मिश्रधातूचे घटक कुठल्याही पुस्तकात सापडतात, त्या प्रेसवरचा अनुभव सापडत नाही.

घडण फसली तर काय होते, हे 2017 मध्ये ग्रीनलँडवरून जाणाऱ्या एअर फ्रान्सच्या ए380 विमानाने दाखवले. पंख्याची टायटॅनियमची हब हवेतच फुटली. भाग थंड टोकाचा होता, तरी दोष रचनेतलाच: एकाच दिशेला वळलेल्या कणांचा मोठा पट्टा, आणि त्यावर प्रत्येक उड्डाणात काही काळ धरून राहणारा ताण.

सहाशेच्या पलीकडे टायटॅनियम ॲल्युमिनाइड आहे. घनता घन सेंटिमीटरला चार ग्रॅमच्या आसपास, पण सामान्य तापमानाला ठिसूळ. 2011 मध्ये जीई कंपनीच्या जीईएनएक्स इंजिनातून त्याची ओतीव टर्बाइन पाती व्यावसायिक सेवेत आली. नंतरच्या जीई9एक्सची पाती इटलीतल्या कामेरी येथे, पावडरचे थरावर थर इलेक्ट्रॉन शलाकेने वितळवून तयार होतात.