नाकाला न कळणारी हवा

डिसेंबर १९५२. ५ ते ९ तारखेपर्यंत लंडनवर कोळशाच्या धुराचं दाट धुकं बसलं. एका नाट्यगृहात रंगमंच दिसेना, म्हणून ऑपेराचा प्रयोग थांबला. पशुप्रदर्शनातली काही गुरं धापा टाकत मेली.

तरीही शहरात घबराट नव्हती. असं धुकं लंडनकरांच्या अंगवळणी पडलं होतं. मृत्यूंच्या नोंदी जुळवल्यावर सुमारे ४,००० बळी समोर आले. पुढच्या अभ्यासांनी हा अंदाज १२,०००पर्यंत नेला.

आपली इंद्रियंही तोकडीच. धूर दिसतो, गंधकाचा वास येतो, पण २.५ मायक्रॉनहून बारीक कण ना दिसतात, ना हुंगता येतात. ते फुप्फुसांत खोलवर उतरतात आणि हृदयविकार, पक्षाघाताचा धोका वाढवतात. खोकला नाही म्हणून हवा चांगली, हा समज म्हणूनच घातक.

याची दुसरी बाजूही आहे. रसायनाचं प्रमाण कमी असलं, तरी सततच्या दुर्गंधीने डोकं दुखतं, मळमळतं, झोप उडते. अशा तक्रारींना मनाचे खेळ म्हणून उडवून लावणं अन्यायाचं आहे. तो त्रास खराच असतो.

मुंबई-पुण्यात हिवाळ्यात फिरायला निघताना आकाशाबरोबर हवा मापन केंद्राचा आकडाही पाहावा. या सूक्ष्म कणांची भारतातली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये ती अवघी ५ सुचवली.