फरशीखालचा दुसरा स्पीकर

छत्तीसगडमधील भिलाई हे नगर पोलादावर उभे राहिले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि दुर्गच्या शेजारी, सेक्टरांच्या क्रमाने आखलेली कामगारांची वसाहत वाढत गेली. झोतभट्टी एकदा पेटली की ती रात्री विझवून सकाळी पुन्हा पेटविता येत नाही. त्यामुळे कारखाना पाळ्यांनी अहोरात्र चालतो, आणि वसाहतीत दिवसाच्या कोणत्याही प्रहरी कोणी ना कोणी झोपलेले असतेच.

अशा वसाहतीत वरच्या मजल्यावरील क्वार्टरमध्ये राहणारा एखादा तरुण विद्युत्‌-गिटार वाजवितो आणि घरच्या घरी त्याचे ध्वनिमुद्रण करू पाहतो, अशी कल्पना करू. खोली साधी, दहा-बारा फुटांची. जमीन गुळगुळीत सिमेंटच्या कोब्याची. वाजविताना त्याला आवाज भरदार वाटतो. मुद्रण ऐकू लागताच मात्र तोच आवाज कृश, कधी पोकळ, जणू नळीतून आल्यासारखा भासतो. तो मायक्रोफोनला दोष देतो व अधिक किंमतीचा घ्यावा काय, असा विचार करू लागतो. पैसे खर्च करण्यापूर्वी त्याने खाली पाहावे, हे बरे.

विद्युत्‌-गिटारचा स्वर विवर्धकातून, म्हणजे व्यवहारात ज्याला अँप्लिफायर म्हणतात त्या पेटीतून, बाहेर पडतो. पेटीत बहुधा ३० सेंटिमीटर व्यासाचा स्पीकर असतो, आणि पेटी जमिनीवर ठेवली असता त्याचा मध्य जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंचीवर येतो. सिमेंटचा कोबा किंवा शहाबादी फरशी तिच्यावर पडलेल्या ध्वनीपैकी शेकडा एक-दोन भागच शोषून घेते. बाकीचा सर्व परत फेकते. संथ पाण्याच्या काठी दिवा ठेवला म्हणजे पाण्यात तेवढ्याच खोलीवर दुसरा दिवा दिसतो, त्याप्रमाणे फरशीखाली ३० सेंटिमीटरवर एक दुसरा स्पीकर वाजत आहे असे मानले, तर गणित अचूक जुळते.

या दुसऱ्या स्पीकरची करणी दोन प्रकारची आहे. पहिली खर्जातली. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते आणि तिच्या स्वराची तरंगलांबी ४ मीटरांहून थोडी अधिक असते. एवढ्या लांब तरंगाला ६० सेंटिमीटरांचे अंतर जवळजवळ नसल्यासारखेच. खरा आणि प्रतिबिंबित असे दोन्ही स्पीकर एकदमच ढकलतात, खोलीतील दाब दुप्पट होतो, म्हणजे ६ डेसिबलांची वाढ होते. पेटी कोपऱ्यात सारली तर दोन भिंतीही याच कामाला लागतात. वादकाला हा खर्ज अति वाटतो. तो खर्जाची खुंटी पिळून कमी करतो व समाधान पावतो. परंतु मायक्रोफोन स्पीकरच्या जाळीपासून चार बोटांवर असतो. फरशीने वाढविलेला खर्ज त्याच्यापर्यंत अगदी थोडा पोचतो. खुंटीने कापलेला खर्ज मात्र त्याच्या वाट्याला पूर्ण येतो. मुद्रण कृश होते ते यामुळे. पेटी एखाद्या भक्कम स्टुलावर, भिंतीपासून थोडी दूर ठेवली, म्हणजे वादकाचा कान आणि मायक्रोफोन हे दोघे बरेचसे एकच ऐकू लागतात. इतक्या साध्या उपायावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरी करणी मायक्रोफोन दूर नेल्यावर प्रकट होते. समजा, तो स्पीकरच्याच उंचीवर, ६० सेंटिमीटर अंतरावर ठेवला. सरळ येणारा ध्वनी ६० सेंटिमीटर चालतो. फरशीवर आपटून येणारा सुमारे ८५. हा २५ सेंटिमीटरांचा फेरा ज्या स्वराच्या अर्ध्या तरंगलांबीएवढा भरतो, त्या स्वराच्या बाबतीत एका वाटेने शिखर येते तेव्हा दुसऱ्या वाटेने दरी येते आणि दोन्ही परस्परांना खातात. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला, तर तो स्वर सेकंदाला सुमारे ६९० कंपनांचा ठरतो, म्हणजे गिटारच्या नेमक्या मधल्या वस्तीतला. परावर्तित ध्वनी अधिक चाललेला असल्यामुळे थोडा क्षीण असतो, म्हणून स्वर अगदी नाहीसा होत नाही. तरी तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरतो. याच्या तिप्पट, पाचपट कंपनांच्या स्वरांचीही हीच गत होते, आणि मधल्यामधले स्वर उलट फुगतात. पोकळपणा तो हाच. आता तोच मायक्रोफोन ५ सेंटिमीटरांवर आणला, तर फरशीवरून येणाऱ्या ध्वनीला बारापट लांब चालावे लागते. तो इतका दुबळा होऊन येतो की त्याने फारसे काही बिघडत नाही.

यावर सतरंजी किंवा गालिचा अंथरावा असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याचा उगम पाहण्यासारखा आहे. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाकडे, फॉग संग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह इतके का घुमते, हे शोधण्याचे काम आले. बोललेला शब्द तेथे साडेपाच सेकंदांपर्यंत रेंगाळत असे. सॅबिनने रात्रीच्या शांततेत जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या वाहून आणल्या, त्या थोड्या थोड्या मांडल्या, आणि ऑर्गनच्या नळीचा स्वर विझण्यास लागणारा काळ दर वेळी मोजला. सर्व गाद्या मांडून होताच निनाद सव्वा सेकंदाच्याही आत आला. ध्वनीचे वास्तुशास्त्र येथून सुरू झाले. मात्र ही कथा सांगणारे एक गोष्ट विसरतात. सॅबिनच्या नळीचा स्वर सेकंदाला ५१२ कंपनांचा होता, आणि त्याच्या गाद्या जाड होत्या. सिमेंटवर अंथरलेला जाड गालिचा सेकंदाला ४००० कंपनांच्या स्वराचा निम्म्याहून अधिक भाग गिळतो. १००० कंपनांचा एक तृतीयांशाच्या आसपास. १२५ कंपनांचा मात्र शेकडा दोनच. खर्ज त्याच्यामधून जणू तो नाहीच अशा रीतीने जातो. म्हणून खोलीभर गालिचे घालणाऱ्याच्या पदरी बहुधा चकाकी गेलेला, पण घुमणे तसेच राहिलेला आवाज पडतो. पेटी आणि मायक्रोफोन यांच्या मधल्या जागेपुरती दुमडून घातलेली गोधडी वरच्या स्वरांचे परावर्तन तोडते. तिच्याकडून अधिक अपेक्षा करू नये.

खर्ज शोषण्यास जाडी लागते. येथे भिलाईचा एक योगायोग सांगण्यासारखा आहे. झोतभट्टीत लोखंडावर तरंगणारी धातुमळी पाण्याने एकदम निववून दळली, तर तिचा उपयोग सिमेंटमध्ये होतो. भिलाईनजीक जामुल येथे सिमेंटचा कारखाना आहे. तीच धातुमळी वितळलेली असताना वाफेच्या किंवा हवेच्या झोताने उडविली, तर तिचे बारीक तंतू होतात आणि त्यांची धातुलोकर बनते. एकाच मळीची एक संतती ध्वनी परत फेकते, दुसरी तो जिरविते! ही लोकर १० सेंटिमीटर जाडीच्या चौकटीत भरून, वर कापड ताणून, भिंतीपासून थोडी सुटी किंवा छताला टांगली, तर गालिचाला न जमणारे काम ती करते. तंतू अंगाला खाजतात, म्हणून ती उघडी ठेवू नये.

राहिला खालच्या मजल्यावरील शेजारी. जुन्या वाड्यांतील तक्तपोशीची जमीन स्वतःच डफाप्रमाणे वाजते आणि तिच्या सैल फळ्या खडखडतात. सिमेंटची तक्तपोशी, म्हणजे स्लॅब, तशी वाजत नाही. हवेतला आवाजही ती तिच्या वजनामुळे बराच अडविते. पण पेटीच्या पायांतून तिच्यात थेट शिरलेली थरथर मात्र ती भिंतींमार्गे दूरवर नेते. उपाय म्हणून पेटीखाली रबराचा कडक तुकडा ठेवतात, त्याचा उपयोग जवळजवळ नाही. आधार वजनाने दबला पाहिजे. पेटीच्या भाराने तो स्प्रिंगप्रमाणे एक मिलिमीटर दबत असेल, तर त्यावर पेटीची स्वाभाविक झुलण्याची गती सेकंदाला सुमारे १६ कंपने होते. जाड तारेची ८२ कंपने तिच्या पाचपट असल्याने ती बहुतांशी वरच अडकतात. दबणे याहून फार कमी असेल तर ही झुलण्याची गती तारेच्या कंपनांजवळ सरकते, आणि थरथर घटण्याऐवजी वाढूही शकते. लाकडी पाट आणि त्याखाली मऊ स्पंजाचे चार ठोकळे एवढे साहित्य यास पुरे.

परीक्षा सोपी आहे. रात्रपाळीहून आलेला शेजारी उठल्यावर त्याच्या घरी एकाने जावे, वरच्याने जाड तार छेडावी, आणि खालच्याने छताकडे नव्हे तर भिंतीला कान लावून ऐकावे. मग पेटी पाटावरून उतरवून, आवाज तेवढाच ठेवून, तीच तार पुन्हा छेडावी.