खुंटी पिळायची की पेडल दाबायचं?

गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा स्वर ई, म्हणजे सुमारे 82 हर्ट्‌झ. तो डीपर्यंत, 73 हर्ट्‌झवर उतरवायचा तर आपण खुंटी सैल करतो, नाहीतर पायाखालचं पेडल दाबतो. 1989 साली डिजिटेकचं 'व्हॅमी' आलं, तिथून ही दुसरी वाट रुळली. कानाला स्वर तोच. मग फरक कुठे?

वैशेषिकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला, तारेचा नव्हे. ते बहुधा पेडलच्या बाजूने उभे राहिले असते! पण वाजवणाऱ्याची बोटं तारेवर असतात. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. दोन अर्धस्वर खाली आलो की तो साधारण 21 टक्क्यांनी घटतो. तार ढिली पडते, जोरात छेडली तर खडखडते. पेडल तारेला हातच लावत नाही, बरं का. ते आवाज घेऊन नवा घडवतं, त्यात क्षणभर उशीर होतो. शिवाय घरात हळू वाजवलं तर तारेचा मूळ स्वरही मध्ये येतो.

आपली स्केल-चेंजर पेटी पेडलची चुलत बहीण: पट्ट्या सरकतात, रीड जागेवरच. मिरजेचे कारागीर मात्र स्त्री-पुरुषांच्या आवाजांसाठी वेगळ्या आकाराचे, वेगळ्या तारांचे तंबोरे करतात. तार फार उतरवली की जवारी नीट बोलत नाही.

आम्हाला विचाराल, तर एका गाण्यासाठी मीरा रोडहून लोकलच्या गर्दीत दुसरी गिटार नेण्यापेक्षा पेडल बरं. सगळा कार्यक्रमच खालच्या पट्टीत असेल, तर जाड तारा चढवा आणि खुंट्या पिळा.